क्लायंटला ड्रॉइंग नेमकं कशात द्यायचं? पीडीएफ, डीडब्ल्यूजी की छापील संच

रेषाफोंडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमचं छोटं ऑफिस आहे. घरांचे प्लॅन, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, मधूनमधून कुंडईच्या फॅब्रिकेशनवाल्यांचं काम. हल्ली प्रत्येक कामात एकच वाद उभा राहतो, म्हणून धागा काढते.

आमची पद्धत अशी: मंजुरीसाठी सही-शिक्क्याचा छापील संच, मालकाला पीडीएफ, साइटवर ए२ चे प्रिंट. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची बदल करता येणारी मूळ फाइल, कुणालाच द्यायची नाही. आता मात्र फी ठरायच्या आधीच विचारणा होते, "कॅडची फाइल मिळेल ना?" एका मालकांनी तर त्यावरून शेवटचा हप्ता अडवून ठेवला आहे. त्यांचं म्हणणं, पैसे मी मोजले, फाइल माझी.

दुसरी बाजूही मला दिसते. त्याच घराचं इंटिरिअर करणाऱ्या मुलीला आम्ही फाइल दिली नाही, तर ती पीडीएफ समोर ठेवून अख्खा प्लॅन पुन्हा काढते. मग तिच्या किचनच्या भिंतीत आणि आमच्या भिंतीत फरक पडतो, आणि तो ओटा बसवताना कळतो. यात मालकाचंच नुकसान.

आणि तिसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. कितीही नीट संच पाठवा, साइटवर मुकादमाच्या फोनवर कुणीतरी काढलेला फोटोच फिरत असतो.

कुणाला काय द्यायचं, कुठल्या अटींवर द्यायचं, आणि जुना कागद साइटवरून जाईल कसा, हे तुम्ही कसं सांभाळता? आर्किटेक्चर असो, मेकॅनिकल असो, सगळ्यांचा अनुभव हवा आहे.

---

चिरेबंदी

ताई, चांगला विषय काढलात.

आम्ही पणजीत काम सुरू केलं तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो आणि अमोनिया प्रिंट द्यायचो. ट्रेसिंग ऑफिसात राहायचं, मालकाला प्रिंट मिळायची. ट्रेसिंग मागणारा मालक मला आठवत नाही. कॅड आल्यावर ट्रेसिंगची जागा डीडब्ल्यूजीने घेतली, पण तिची नक्कल काढायला काहीच लागत नाही, म्हणून लोकांना ती प्रिंटसारखीच वाटते. वादाचं मूळ इथे आहे.

माझा नियम एकच. फाइल मागणाऱ्याला आधी विचारायचं, "तुम्ही हिचं काय करणार?" वाचायचं असेल तर पीडीएफ. बांधायचं असेल तर कागद. त्यावर पुढचं काही काढायचं असेल, म्हणजे इंटिरिअर, प्लंबिंग, वीज, लँडस्केप, तर डीडब्ल्यूजी. ज्याला यातलं काहीच करायचं नाही आणि तरी फाइल हवी आहे, त्याच्या मनात काय आहे ते बसून विचारा. बहुतेकदा रास्त कारण निघतं.

डीडब्ल्यूजी लपवून ठेवली की डिझाइन सुरक्षित राहतं, हा समज मात्र सोडा. ऑटोकॅड २०१७ पासून पीडीएफ-इम्पोर्ट ही कमांड आहे. कॅडमधून काढलेल्या पीडीएफमधल्या रेषा तिने परत रेषा म्हणूनच उचलता येतात. स्कॅन केलेला कागद तेवढा तसा उचलता येत नाही. डीडब्ल्यूजीला पासवर्ड घालायची सोयही ऑटोकॅड २०१६ पासून काढून टाकली आहे. ज्याला चोरायचं आहे तो पीडीएफवरूनही चोरेल. अडचण होते ती फक्त प्रामाणिकपणे काम करणाऱ्या त्या इंटिरिअरवाल्या मुलीची.

आणखी एक. आपल्याकडे मंजुरीचा संच वेगळा आणि बांधकामाचा वेगळा, हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगा. टीसीपीच्या (नगरनियोजन खात्याच्या) तांत्रिक मंजुरीनंतर पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना मिळतो. त्या शिक्क्यांचा कागदी संच हीच मूळ प्रत. हातात पडल्याबरोबर तो रंगीत स्कॅन करून मालकाला द्या आणि मूळ प्रत जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि बिगरशेतीची सनद ठेवतात त्याच फाइलमध्ये ठेवायला सांगा. ऑक्युपन्सीच्या (घर वापरायच्या दाखल्याच्या) वेळी तीच लागते. साइटवर तो संच कधीही पाठवू नये. त्यात खोल्या असतात, सेटबॅक (हद्दीपासून सोडायची अंतरं) असतात, एफएआरचा (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम, याचा) हिशेब असतो. सळईचं एकही माप नसतं.

---

लोखंडी_डिचोली

मी साइटवरचा माणूस. डिचोली, साखळी, वाळपई या भागात आरसीसीची कामं घेतो. ड्रॉइंग ऑफिसातून कशातही निघू दे, शेवटी ते सळया कापून वाकवणाऱ्या बार बेंडरच्या हातात कागद म्हणून येतं. तिथे काय होतं ते सांगतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं ड्रॉइंग लहान होतं. साध्या पाठवणीत लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. ए१ कागदाची लांब बाजू ८४१ मिलिमीटर. म्हणजे एका पिक्सेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून जास्त कागद आला. त्यावरचं अडीच मिलिमीटर उंचीचं अक्षर जेमतेम पाच पिक्सेलांत बसवायचं. मग सळई १० मिलिमीटरची की १६ ची, हा फरक दिसणार कसा? बीम शेड्यूल, म्हणजे कुठल्या बीममध्ये कुठल्या सळया याचा तक्ता, फोटोत पाठवूच नका. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. बटण शेजारीच आहे, पण लोक घाईत फोटोचं दाबतात.

आता जुन्या कागदाचं. एका घराच्या कामावर सी४ कॉलमला आधी ८ सळया १६ मिलिमीटरच्या होत्या. नंतर वरचा मजला वाढला आणि सुधारित ड्रॉइंगमध्ये ४ सळया २० च्या, ४ सळया १६ च्या झाल्या. नवा संच आला, कंत्राटदाराच्या गाडीत पोचला. बेंडर मात्र सिमेंटच्या गोडाऊनमध्ये चिकटवलेल्या जुन्या कागदावरूनच कापत होता. ८ सळया १६ च्या म्हणजे १६०८ चौरस मिलिमीटर लोखंड. हवं होतं २०६०. पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी. काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी तपासणीला आलेल्या इंजिनिअरांनी पिंजऱ्यावर कॅलिपर लावला म्हणून वाचलो. दोन्ही कागदांवर तारीख होती, पण कोपऱ्यात, बारीक. जुन्या कागदावर 'रद्द' असं कुणी लिहिलं नव्हतं, कारण तो कागद तिथे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हापासून आमच्या साइटवर नवा प्रिंट घ्यायचा तर जुना परत द्यायचा. जुना हातात आल्याशिवाय नवा देत नाही. फाटलेला असो, भिजलेला असो, आणा. ऑफिसवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, संच पाठवताना सोबत एक यादी द्या: ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन (कितवी सुधारणा), तारीख, आणि कशासाठी दिलंय ते. 'दरासाठी', 'मंजुरीसाठी', 'बांधकामासाठी'. हे शिक्के मोठ्या अक्षरात, नावाच्या चौकटीच्या वर. दरासाठी दिलेल्या ड्रॉइंगवर पाया खणलेला मी पाहिला आहे.

पावसाचंही बघा. जून ते सप्टेंबर साइटवरचा कागद चार दिवस टिकत नाही. इंकजेटच्या डाय शाईचा प्रिंट भिजला की रंग पसरतो, आणि बदललेल्या भागाभोवती काढलेला लाल ढगाचा आकारच आधी जातो. लेझरचा टोनर पाण्याने पसरत नाही. म्हणून मी ऑफिसांना सांगतो, शेड्यूल आणि डिटेल ए३ वर लेझर प्रिंट करून द्या, आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. मोठा प्लॅन हवा तर ए१, तो प्लायवूडवर लावून वरून पॉलिथिन.

---

नारळीपाट

मी यातला तंत्रज्ञ नाही. मस्कतला नोकरी करतो, पेडण्याला घर बांधतोय. फाइल मागणाऱ्या क्लायंटच्या मनात काय असतं, ते सांगावंसं वाटलं.

आमचं जुनं घर वडिलांनी दुरुस्त करून घेतलं होतं. नंतर मागे दोन खोल्या आणि टॉयलेट वाढवायचं ठरलं. ज्यांनी आधीचं काम केलं ते व्यवसाय बंद करून परदेशी गेलेले. आमच्याकडे काय होतं? एक पिवळा पडलेला प्रिंट, घडीवर फाटलेला. नव्या इंजिनिअरने सगळं घर पुन्हा मोजलं, त्याचे पैसे घेतले. सेप्टिक टँककडे जाणारा पाइप कुठून गेलाय ते मात्र मोजून कळलं नाही, अंगण खणून शोधावा लागला. आई रोज फोनवर तेवढंच सांगायची.

म्हणून मी या वेळी कॅडची फाइल मागितली. मला ती उघडता येत नाही, माझ्या लॅपटॉपवर ऑटोकॅड नाही. पण ती माझ्याकडे असली तर उद्या कुणी नसलं तरी घर अडणार नाही, असं वाटतं. तुमच्या त्या मालकांनाही कदाचित एवढीच काळजी असेल.

---

रेषाफोंडा

नारळीपाट, तुमचं लिहिणं फार उपयोगी पडलं. मी त्या मालकांना अजून 'फाइल देणार नाही' एवढंच सांगितलंय, 'का हवी' हे विचारायचं राहिलंय. चिरेबंदी काकांनी सांगितलेला प्रश्न आता विचारते.

लोखंडीभाऊ, जुना प्रिंट परत घ्यायची पद्धत आमच्याकडे उद्यापासून. यादी आम्ही देतो, पण 'कशासाठी' हा रकाना त्यात नाही. तो घालते.

कायद्याचं कुणी सांगेल का? "पैसे दिले म्हणजे फाइल माझी" हे खरं आहे का?

---

एकचौदा

मी वकिली करतो, मालमत्तेची कामं जास्त. नियम काय ते सांगतो. तुमच्या वादात पुढे काय करायचं ते तुमचं करारपत्र पाहूनच ठरवा.

कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये प्लॅन आणि ड्रॉइंग 'कलाकृती'त मोडतात, आणि वास्तूही. कलम १७ प्रमाणे पहिला हक्क ते काढणाऱ्याचा. नोकरीत असताना काढलं तर नोकरी देणाऱ्याचा. फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एन्ग्रेव्हिंग, सिनेमा यांसाठी एक अपवाद आहे: पैसे देऊन करून घेतलं तर हक्क करून घेणाऱ्याचा. त्या यादीत ड्रॉइंग नाही. म्हणजे फी दिली एवढ्यानेच ड्रॉइंगचा कॉपीराइट मालकाकडे जात नाही. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचा तर सही केलेला लेखी कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते.

दुसरी बाजूही ऐका. मालकाने फी दिली ती त्या जागेवर ते घर उभं करण्यासाठी, त्यामुळे तेवढा वापर तो करणारच. बांधकाम सुरू झाल्यावर ते थांबवण्याचा मनाई हुकूम कॉपीराइटच्या जोरावर मिळत नाही, कलम ५९ तसं स्पष्ट सांगतं. भरपाई मागता येते.

प्रत्यक्षात भांडण कॉपीराइटवर क्वचितच होतं. 'काय काय द्यायचं' हे करारात लिहिलेलं नसतं, त्यावरून होतं. फी ठरवतानाच एक परिच्छेद घाला: कुठले संच, किती प्रती, कुठल्या फॉर्मॅटमध्ये, कुठल्या टप्प्यावर, आणि त्याहून जास्त लागलं तर दर काय. 'डीडब्ल्यूजी मिळणार नाही' असं असेल तर तेही आधीच लिहा. काम संपल्यावर सांगितलेली अट कुणालाही अन्यायाचीच वाटते.

---

वेर्णे_टूलरूम

वेर्ण्याला मशीन पार्ट आणि शीट मेटलचं काम करतो. आमच्याकडे 'क्लायंट' दोन प्रकारचे: ज्यांना आम्ही ड्रॉइंग देतो ते, आणि जे आम्हाला देतात ते. दोन्हीकडून शिकलेलं लिहितो.

लेझर कटिंगला फाइल द्यायची तर डीएक्सएफ (वेगवेगळी सॉफ्टवेअर वाचू शकतात असा कॅड फाइलचा प्रकार), एकास एक मापात. त्यात मापं नकोत, नावाची चौकट नको, सेंटर लाइन नको. फक्त कापायच्या रेषा, आणि प्रत्येक आकार बंद. कोपऱ्यात दोन रेषांची टोकं जुळलेली नसली की मशीन तिथे थांबतं किंवा तो आकार सोडून देतं. एकावर एक दोन रेषा राहिल्या तर त्याच जागी दोनदा कापतं आणि कड जळते. ओव्हरकिल कमांड (दुहेरी रेषा काढून टाकणारी) चालवून मगच पाठवा.

एकक शब्दांत लिहा. डीएक्सएफमध्ये १०० हा आकडा असतो, तो मिलिमीटर की इंच हे उघडणारं सॉफ्टवेअर पुष्कळदा गृहीतच धरतं. २५.४ पट मोठा भाग लगेच लक्षात येतो. पण आकारांच्या गर्दीत एखादंच छोटं भोक चुकीच्या एककात आलं तर कळत नाही. म्हणून प्रत्येक डीएक्सएफसोबत मी एक पीडीएफ जोडतो, त्यात बाहेरची लांबी-रुंदी, जाडी, मटेरियल, नग. कटिंगवाल्याने फाइल उघडून आधी तीच लांबी तपासायची.

थ्रीडी द्यायचं तर स्टेप फाइल. जवळजवळ कुठल्याही थ्रीडी कॅडमध्ये उघडते. पण नेहमीच्या स्टेप फाइलमध्ये आकार जातो, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), फिनिश, थ्रेड यांची माहिती धरून चालता येत नाही. ती पीडीएफ ड्रॉइंगवरच. आणि दोन्हींत फरक आढळला तर काय खरं धरायचं, हे ड्रॉइंगवर एका ओळीत लिहिलेलं असलं पाहिजे. आमच्याकडे ती ओळ आहे: "फरक आढळल्यास पीडीएफ ग्राह्य, आणि काम थांबवून विचारावे."

अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचं काम असेल तर प्रोजेक्शनचं चिन्ह, म्हणजे भागाची कुठली बाजू कागदावर कुठे काढली ते सांगणारं, आधी बघा. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, तिकडे थर्ड अँगल. डावी बाजू उजवीकडे जाते. सिमेट्रिक भागात काही बिघडत नाही, एका बाजूला खाच असली की अख्खा लॉट उलटा. चिन्ह छापलेलं असतंच, पण शीटचा टेम्प्लेट दुसऱ्या कामाचा उचललेला असला तर चिन्ह एक आणि व्ह्यू दुसरे, हे मी गिऱ्हाइकांकडून आलेल्या ड्रॉइंगमध्ये पाहिलंय. शंका आली की फोन करायचा.

---

बार्जयार्ड

मांडवीकाठच्या यार्डात असतो. आमच्याकडे क्लासची, म्हणजे जहाजांची तपासणी करणाऱ्या वर्गीकरण संस्थेची, मंजुरी लागते. त्यांच्या शिक्क्यासह परत आलेली प्रत हीच खरी. शेऱ्यांसह मंजूर झालेलं ड्रॉइंग शेरे न वाचता प्लेट कटिंगला जाऊ नये, म्हणून शिक्क्याची प्रत आल्यावर आम्ही शेरे मूळ फाइलमध्ये उतरवतो, रिव्हिजन वाढवतो, मगच नेस्टिंग (प्लेटवर तुकड्यांची मांडणी). वेर्णे_टूलरूम यांच्या 'एकक लिहा'ला माझं पूर्ण अनुमोदन.

---

नवी_पेन्सिल

मी आर्किटेक्चरला तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत एका ऑफिसात जाते. दोन अडचणी येतात, कुणी सांगाल का?

आम्ही पाठवलेली डीडब्ल्यूजी समोरच्याकडे उघडत नाही, किंवा उघडते पण अक्षरं प्रश्नचिन्हं होतात. आणि अंडरले म्हणून (ड्रॉइंगच्या खाली संदर्भाला) लावलेला सर्व्हे प्लॅन गायब.

दुसरं, आमचे सर पीडीएफ करताना प्रत्येक अक्षरावर पिवळी चौकट येते म्हणून चिडतात.

---

चिरेबंदी

बाळ, सगळ्यांची कारणं सोपी आहेत.

न उघडणं म्हणजे आवृत्तीचा प्रश्न. डीडब्ल्यूजी नोटपॅडमध्ये उघडलीस तर पहिली सहा अक्षरं आवृत्ती सांगतात. एसी१०३२ म्हणजे २०१८ चा फॉर्मॅट, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०२४ म्हणजे २०१०. समोरच्याकडे जुनं सॉफ्टवेअर असेल तर 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये २०१० किंवा २०१३ निवडून दे. ज्याला नुसतं बघायचंय त्याला ऑटोडेस्कचा डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट मिळतो.

प्रश्नचिन्हं फाँटमुळे, आणि सर्व्हे प्लॅन गायब होतो कारण तो तुमच्या फाइलमध्ये नसतोच. एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग), इमेज, पीडीएफ अंडरले यांचा फक्त पत्ता साठवलेला असतो. डीडब्ल्यूजी कधीही एकटी पाठवू नकोस. 'ई-ट्रान्समिट' कमांड दे, ती फाइल, एक्सरेफ, इमेज, प्लॉट स्टाइलची (छापताना रेषांची जाडी-रंग ठरवणारी) सीटीबी असं सगळं एका झिपमध्ये बांधते. फाँटसाठी 'इन्क्लूड फाँट्स' टिक करायला विसरू नकोस. बाहेर द्यायच्या प्रतीत एक्सरेफ 'बाइंड' केलेले, म्हणजे त्याच फाइलच्या आत घेतलेले, बरे. आणि आधी 'पर्ज' कर, म्हणजे न वापरलेलं काढून टाक, नाहीतर ऑफिसातल्या जुन्या कामांचे ब्लॉक आणि लेअर, कधी दुसऱ्या मालकाच्या नावानिशी, सोबत जातात.

पिवळ्या चौकटी: एसएचएक्स या ऑटोकॅडच्या रेषांच्या फाँटचा मजकूर पीडीएफमध्ये शोधता यावा म्हणून ऑटोकॅड तो कॉमेंट म्हणून जोडतं. पीडीएफएसएचएक्स हे व्हेरिएबल ० कर, जातील. त्याहून बरं म्हणजे मजकूर साध्या ट्रूटाइप फाँटमध्ये ठेव.

---

लोखंडी_डिचोली

फाँटचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आमच्याकडचे बेंडर आणि सेंट्रिंगवाले बरेचसे झारखंड, बिहारकडचे. इंग्रजी टीपा कुणी वाचत नाही. 'कव्हर ४० मिमी', 'इथे जोड देऊ नये', 'स्टिरप टोकाला १०० वर, मध्ये १५० वर' एवढं शीटवर देवनागरीत लिहिलं तर ते वाचतात. मी स्वतः पेनाने लिहीत आलोय. ऑफिसातूनच छापून आलं तर फार बरं.

---

रेषाफोंडा

हे आम्ही एका कामात केलं, अनुभव चांगला आला. एकच सांभाळा, युनिकोड फाँट वापरा. जुन्या टाइपसेटिंगच्या फाँटमध्ये लिहिलं तर ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफमध्ये फाँट आत बसतो, त्यामुळे प्रिंटला अडचण नाही.

आता मूळ विषयाचं सांगते. मालकांशी बोलणं झालं. नारळीपाट यांचा अंदाज बरोबर निघाला. त्यांची मुलगी पुण्यात आर्किटेक्ट आहे, पुढे वरचा मजला तिनेच करावा असं त्यांच्या मनात आहे. एवढं रास्त कारण असताना आम्ही दोघे हप्त्यावरून भांडत होतो.

आमच्यात ठरलं ते असं. काम संपल्यावर 'जसं बांधलं तसा' संच द्यायचा: प्लॅन, पाया, कॉलम-बीम, आणि ड्रेनेज-पाणी-वीज यांच्या लाइनी प्रत्यक्ष जिथून गेल्या तिथून, घराच्या दोन कोपऱ्यांपासून मापं टाकून. हा संच सहीच्या पीडीएफमध्ये, आणि त्याचीच डीडब्ल्यूजी. आमची डिझाइनची गणितं आणि ऑफिसचे स्टँडर्ड डिटेल त्यात नाहीत. डीडब्ल्यूजी देताना एक पानाचं पत्र, दोघांच्या सह्या:

"ही फाइल केवळ या सर्व्हे क्रमांकावरील या इमारतीच्या पुढील कामासाठी संदर्भ म्हणून दिली आहे. सही केलेली पीडीएफ हीच अधिकृत प्रत. फाइलमध्ये इतर कोणी बदल केल्यास आमचे नाव, सही व क्रमांक काढून टाकावे. त्या बदलांची जबाबदारी बदल करणाऱ्याची."

हप्ता आणि संच एकाच दिवशी हातोहात. नव्या कामांत हे सगळं फीच्या पत्रात आधीच येईल, एकचौदांनी सांगितलं तसं. इंटिरिअरवालीला काम चालू असतानाच डीडब्ल्यूजी देणार, फक्त प्लॅन आणि कॉलम, स्ट्रक्चरल डिटेल नाही, आणि प्रत्येक रिव्हिजनला तिचं नाव पाठवणीच्या यादीत.

---

एकचौदा

पत्र चांगलं आहे. 'संदर्भ म्हणून' नंतर "कामाआधी जागेवर मापं घ्यावीत" एवढं वाढवा.

---

नारळीपाट

ताई, तुमच्या त्या यादीतली ड्रेनेजची ओळ वाचून मी माझ्या इंजिनिअरांना लगेच मेसेज केला. पीडीएफ पुढे पंचवीस वर्षांनी उघडेल ना, ही शंका आहे.

---

चिरेबंदी

पीडीएफ/ए म्हणून सेव्ह करायला सांगा. जपून ठेवण्यासाठीच तो प्रकार २००५ साली आयएसओ मानक झाला. फाँट आत असणं त्यात सक्तीचं आहे, बाहेरच्या कशावर तो अवलंबून नसतो. शिवाय एक छापील संच घरी, कोरड्या जागी. गोव्यातल्या दमट हवेत कपाटातला कागदही ओल धरतो, म्हणून गुंडाळी करून ट्यूबमध्ये.

---

नवी_पेन्सिल

सहीची पीडीएफ म्हणजे डिजिटल सही का? आमच्या ऑफिसात सहीचा फोटो चिकटवतात.

---

एकचौदा

फोटो चिकटवणं ही सही नव्हे, तो कुणीही कापून दुसरीकडे लावील. डिजिटल सही म्हणजे टोकनमधलं (पेनड्राइव्हसारख्या उपकरणातलं) सर्टिफिकेट. २०२१ पासून त्याचा क्लास ३ हाच प्रकार मिळतो. आयटी कायदा २००० च्या कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक सहीला हाताच्या सहीइतकीच मान्यता दिली आहे. सहीनंतर फाइलमध्ये काही बदललं तर उघडल्यावर दिसतं. म्हणून सही सर्वांत शेवटी, शिक्के आणि शेरे घालून झाल्यावर. हीच फाइल छापली की ती खात्री उरत नाही, कागदावर पेनाची सही लागते. सरकारी कार्यालयात दाखल करायचं असेल तर तिथे कुठलं स्वरूप घेतात ते आधी विचारून घ्या.

---

वेर्णे_टूलरूम

जुनी रिव्हिजन साइटवर राहू नये म्हणून आम्ही नावाच्या चौकटीत क्यूआर कोड टाकतो. स्कॅन केला की चालू रिव्हिजनची यादी उघडते. फोनवरची रिव्हिजन आणि कागदावरची जुळली नाही तर काम करायचं नाही. यादी गुगल ड्राइव्हवर आहे. फाइल बदलताना 'मॅनेज व्हर्जन्स'मधून नवी चढवली की लिंक तीच राहते, क्यूआर पुन्हा छापावा लागत नाही. मात्र ड्राइव्हवर मागची व्हर्जन ३० दिवसांनी किंवा १०० व्हर्जननंतर पुसली जाऊ शकते. त्यामुळे प्रत्येक रिव्हिजनची पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात आर०, आर१, आर२ घालून, कायमची ठेवा. वाद झाला तर 'त्या दिवशी कुठलं ड्रॉइंग चालू होतं' हे त्यावरूनच दाखवता येतं.

---

रेषाफोंडा

क्यूआरची कल्पना आवडली. लोखंडीभाऊ, तुमच्या साइटवर चालेल?

---

लोखंडी_डिचोली

डिचोलीत चालेल. सत्तरीत आत गेलं की बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तिथे क्यूआर असून उपयोग नाही. म्हणून यादी कागदावरही द्या, ए४ वर, आणि संचाचं पहिलं पान म्हणून लावा. रिव्हिजन आली की ते पान बदलायचं. आणखी एक, प्रिंट काढताना 'फिट टू पेज' लावू नका. ए३ त्यामुळे ९७ टक्क्यांवर येतो आणि १:१०० वर ३ मीटरची भिंत पट्टीवर २.९१ भरते. ए१ चं शीट ए३ वर काढायचं असेल तर १:१०० चं १:२०० होतं, तसं शीटवर लिहा, आणि खाली स्केलची पट्टी काढून ठेवा. कागद लहान झाला की तीही तेवढीच लहान होते, मग बघणाऱ्याला अंदाज येतो. कापायचं मात्र लिहिलेल्या मापानेच.

पुढच्या आठवड्यात माझ्या एका कामाचा संच तुमच्याकडूनच यायचा आहे. बीम शेड्यूल ए३ वर लेझर, टीपा देवनागरीत, आणि पहिलं पान यादीचं, एवढं पाठवा. जुने प्रिंट मी गोळा करून ठेवतो, गाडीवाल्याबरोबर परत देईन.